तुरटीच्या स्फटिकांचा संच: चांगला, पण पत्रक नागपूरच्या मे महिन्यासाठी नाही

सीताबर्डीत मिळणारा हा संच जरूर घ्या. तुरटी स्वच्छ आहे, गाळण कागदही बरा. अडचण पत्रकात आहे. त्यात 100 मिली पाण्याला 20 ग्रॅम तुरटी सांगितली आहे. 20 अंशांना पाण्यात जेमतेम 11-12 ग्रॅम मावते, गरम पाण्यात विरघळलेली बाकीची तुरटी थंड होताना स्फटिक बनून बाहेर येते, म्हणून थंडीत हे प्रमाण उत्तम चालतं. मे महिन्यात खोलीच 40 अंशांवर असते. तिथे सुमारे 24 ग्रॅम विरघळते. मग स्फटिक बनणार कुठून? दोऱ्याला बांधलेलं बी, म्हणजे ज्यावर मोठा स्फटिक वाढतो तो छोटा स्फटिक, तेसुद्धा विरघळून जातं.

उन्हाळ्यात 30 ग्रॅम घ्या. पाणी 60 अंशांपर्यंत तापवा, ढवळा, गरम असतानाच गाळा. तळाशी पहिले कण दिसले की मगच बी सोडा. भांडं थर्माकोलच्या पेटीत ठेवा, नाहीतर रात्री चढलेला थर दुपारी पुन्हा विरघळतो.

सोबतच्या मिठाच्या पुडीवर हा प्रयोग करू नका. 100 मिली पाण्यात मीठ 20 अंशांना 36 ग्रॅम विरघळतं, 80 अंशांना फक्त 38. थंड करून हाती काही लागत नाही. ते पसरट ताटलीत वाळवा, इथल्या कोरड्या हवेत छान घनाकृती स्फटिक मिळतात. संचात थर्मामीटर हवाच होता.