पेठेतलं एकत्र घर की कळंब्याकडचा फ्लॅट?

पंचविशीतल्या पोराला विचारा, तो फ्लॅटच म्हणणार. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत रात्री अकराला कडी वाजवली की आजी, आई, काकू तिघी जाग्या. कळंब्याकडच्या फ्लॅटची किल्ली आपली, वेळ आपली. भाडं, डिपॉझिट, मेंटेनन्सही आपलंच.

चाळिशीत गणित उलटतं. दोघं नोकरीला, पोरगी दुपारी दोनला शाळेतून घरी. अशा वेळी पेठेतली आजी म्हणजे बिनपगारी पाळणाघर. (तिला कुणी विचारत नाही, ती गोष्ट वेगळी.) रविवारी तांबडा-पांढरा मोठ्या पातेल्यांत रटरटतो, आणि भांडणंही त्याच आचेवर.

साठीनंतर मला पेठच बरी वाटते. फ्लॅटला लिफ्ट आहे, गुडघ्यांना सोय; पण तालमीपुढचा कट्टा लिफ्टनं वर येत नाही. फक्त घर पोरांच्या नावावर करायची घाई नको. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ झाला नाही तर न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकतं. ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्यावी. तोंडी शब्दावर नंतर वाद होतो.

आमच्या ओळखीत काहींनी एकाच गल्लीत दोन घरं केलीत. चूल वेगळी, पण भाकरी गरमच पोचते.