माध्यमिक शाळेसाठीचा भौतिकशास्त्र प्रयोगसंच : पेटी घ्यावी, पुस्तिका कपाटात ठेवावी

गुहागर तालुक्यातील आमच्या माध्यमिक शाळेने मागवलेला भौतिकशास्त्राचा प्रयोगसंच नववी-दहावीच्या वर्गांत वर्षभर वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. साहित्याबद्दल फारशी तक्रार नाही. बहिर्वक्र भिंगे स्वच्छ आहेत, दोलकाचे गोळे पितळी आहेत; लोखंडी चिमटे मात्र खाऱ्या हवेने पहिल्याच पावसाळ्यात गंजले आणि विद्युत परिपथांत ऐन वेळी दगा देऊ लागले, तेव्हा किनाऱ्यावरील शाळांनी ते आधीच बदलावेत.

खरी अडचण सोबतच्या पुस्तिकेत आहे. तीत प्रत्येक प्रयोगाची कृती क्रमवार दिलेली आहे, निरीक्षणांचा तक्ता आखलेला आहे आणि त्याखाली अपेक्षित उत्तरही छापलेले आहे, त्यामुळे काय बदलायचे, काय स्थिर ठेवायचे आणि किती वेळा मोजायचे हे ठरवण्याचे काम विद्यार्थ्यांच्या वाट्याला उरतच नाही. जुलैत एका गटाने खाडीच्या मुखाशी भरलेल्या पाण्याची घनता १.०१ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर काढली आणि लगेच ती खोडून पुस्तिकेतील समुद्राच्या पाण्याचा १.०२५ हा आकडा लिहिला. पावसाळ्यात तेथे नदीचे गोडे पाणी मिसळते. खोडलेले उत्तरच खऱ्याच्या अधिक जवळ असावे.

त्या दिवशी पुस्तिका कपाटात गेली. पुढे डिसेंबरात वर्गाला नुसता प्रश्न दिला, की विहिरीच्या आणि समुद्राच्या पाण्यातील फरक या पेटीतील साहित्याने दाखवता येईल का. मुलांनी प्रथम ताणकाट्याला जांभ्याचा तुकडा टांगला. सच्छिद्र जांभा पाणी पीत गेला, बुडबुडे निघत राहिले आणि काटा एका जागी थांबेना. मग काळा दगड घेतला, तर सुमारे ४०० ग्रॅमच्या दगडावरील प्लावक बलात, म्हणजे पाणी त्याला वर ढकलते त्या बलात, पडणारा फरक चार ग्रॅमहूनही कमी आणि ताणकाट्याचे लघुतम माप दहा ग्रॅमचे! हा हिशोब दगड टांगण्याआधीच करता आला असता, असे एका मुलीने म्हटले तेव्हा संचाचे पैसे वसूल झाल्यासारखे मला वाटले. शेवटी परीक्षानळीत थोडी वाळू आणि आलेखकागदाची पट्टी घालून ती उभी तरंगवली. विहिरीच्या पाण्यात १२० मिलिमीटर बुडणारी ही नळी समुद्राच्या पाण्यात सुमारे ३ मिलिमीटर वर आली, आणि एवढा फरक शेवटच्या बाकावरच्या मुलानेही वाचला.

दोलकाचा प्रयोग त्यामानाने सोपा आहे. एक मीटर लांबीच्या दोलकाची २० दोलने सुमारे ४० सेकंदांत होतात, आणि एकच दोलन का मोजू नये हे स्टॉपवॉच दाबताना मुलांच्या आपोआप ध्यानात येते.

पुस्तिका वगळून संच स्वस्तात मिळेल का, अशी विचारणा केली असता विक्रेत्याने नकार दिला. तरीही संच घ्यावा. मात्र त्यात परीक्षानळ्या दोनच असल्याने चाळीस जणांच्या वर्गासाठी आणखी आठ तरी वेगळ्या विकत घ्याव्या लागतील.