अपक्षाच्या पत्रकांनाही मशीनवर जागा देणारं दुकान

2024 च्या लोकसभेला आमचे सर अपक्ष उभे होते आणि खर्चाची वही माझ्याकडे होती. जुन्या विद्यार्थ्यांनी पाचशे-हजार करत जमवलेले 3 लाख 12 हजार रुपये, त्यातले 25 हजार अनामत भरण्यात गेले. उरलेल्यातला मोठा वाटा आमच्या बाजारपेठेतल्या एका प्रचार साहित्याच्या दुकानात गेला, त्याबद्दल लिहितेय. गिऱ्हाईक सगळ्याच पक्षांचं, म्हणून नाव लिहू नका असं मालक म्हणाले, ते पाळते.

आमच्याकडे मतदान 13 मे ला होतं. 29 एप्रिलला अर्ज माघारीची मुदत संपली आणि सरांना शिट्टी हे चिन्ह मिळालं. 11 मे च्या संध्याकाळी प्रचार बंद. म्हणजे छापायचं, गावोगाव पोचवायचं आणि लोकांच्या डोळ्यांत चिन्ह बसवायचं, सगळ्याला मिळून बारा दिवस. चिन्ह हातात येईपर्यंत साधं पत्रकही छापता येत नाही.

त्याच संध्याकाळी दुकानात गेलो. जिन्यापासून माडीपर्यंत मोठ्या पक्षांच्या मालाचे गठ्ठे रचलेले: उपरणी, टोप्या, बिल्ले, गाडीवरचे झेंडे. सुतळीने बांधलेल्या प्रत्येक गठ्ठ्यावर तालुक्याचं नाव. मालक काका म्हणाले, "हे फेब्रुवारीपासून चाललंय, ताई. उमेदवार ठरायच्या आधीच ऑर्डर येते. चिन्ह ठरलेलं, पैसा तयार."

तिथे जिन्यात उभं राहून मला जे कळलं ते वही लिहिताना कळलं नव्हतं. उमेदवाराला खर्चाची मर्यादा 95 लाख, सरांनाही तीच. पण पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. उमेदवाराचं नाव-फोटो नसलेलं नुसतं चिन्हाचं उपरणं पक्षाच्या खात्यात जातं, उमेदवाराच्या वहीत येत नाही. आणि पक्षापक्षांतही केवढी तफावत! सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 ला निवडणूक रोखे (नाव जाहीर न होता पक्षाला देणगी द्यायची सोय) रद्द केले, मग कुणाला किती मिळाले ते आकडे मार्चमध्ये बाहेर आले. एप्रिल 2019 पासून भाजपला 6,000 कोटींहून जास्त, काँग्रेसला 1,400 कोटींच्या आसपास. माकपने रोखे घेतलेच नव्हते. ज्याच्याकडे पैसा आधी येतो, त्याचा माल आधी गावात पोचतो, आणि ते दोन-तीन महिने कुठलाही कायदा आम्हाला परत देत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं.

आता दुकानाबद्दल. आमची ऑर्डर फक्त वीस हजार पत्रकांची, एका रंगात. तरी काकांनी रात्री अकरानंतर मशीन आमच्यासाठी ठेवलं. नमुना बघून म्हणाले, "सरांचा फोटो लहान करा, शिट्टी मोठी करा. म्हातारं माणूस मतदान यंत्रावर शिट्टीच शोधणार." ऐकलं ते बरं झालं. प्रकाशकाचं घोषणापत्र दोन ओळखीच्या साक्षीदारांच्या सह्यांसह घेतल्याशिवाय प्लेट चढवली नाही. पत्रकाखाली मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता आणि प्रतींची संख्या स्वतः तपासली. पैसे चेकने घेतले, पक्कं बिल दिलं.

तक्रार एकच. पाचशे बिल्ल्यांपैकी निम्म्यांच्या पिना वाकड्या निघाल्या. बदलून दिले, पण त्यात दोन दिवस गेले. बारातले दोन फार होतात.

सरांची अनामत जप्त झाली. हिशेब मात्र निकालानंतरच्या 30 दिवसांच्या मुदतीत दिला आणि छपाईच्या एकाही बिलावर प्रश्न आला नाही.

अपक्षाचं काम असेल तर चिन्ह मिळेल त्याच संध्याकाळी जा, दोन साक्षीदार बरोबर न्या, आणि बिल्ले दुकानातच एकेक उघडून बघा.