डिस्कचे भाग पाडायचे: एफडिस्क, पार्टेड, जीडिस्क की डिस्कपार्ट?

कोकणात गणपतीला चाकरमानी घरी आला की मोदकांच्या ताटामागोमाग घरातला रुसलेला संगणकही त्याच्यापुढे येतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपल्यापासून तर जास्तच. ११ त्या जुन्या यंत्रावर चढत नाही, मग शेजारी लिनक्स टाकू या असं ठरतं आणि डिस्कचे भाग कशाने पाडायचे हा प्रश्न उभा राहतो.

आधी एक स्पष्ट सांगतो. समोर स्क्रीन आहे, पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू होतंय आणि काम एकदाच करायचंय, तर जीपार्टेड हे चित्रं दाखवून डिस्क विभागणारं साधन उघडा आणि माउसने करा. त्यात कमीपणा काही नाही. कमांड लागते ती स्क्रीनच नसलेल्या पेटीवर, यंत्र फक्त रेस्क्यू मोडमध्ये (दुरुस्तीपुरतं, कमांडवर) उठत असेल तेव्हा, किंवा करणारा डोंबिवलीत आणि यंत्र देवगडात असेल तेव्हा. पुढचं सगळं त्या प्रसंगांसाठी.

या साधनांची तुलना करताना लोक त्यांच्या सोयींची यादी बघतात. मी आधी एकच विचारतो: तुम्ही सांगितलेलं डिस्कवर नेमकं कधी उतरतं? पावसाळ्यात जिथे लाईट कधी जाईल याचा नेम नाही आणि मोबाइलची रेंज पडवीच्या एका कोपऱ्यातच मिळते, तिथे निवड इथेच निम्मी होऊन जाते.

एफडिस्क, पार्टेड आणि जीडिस्क ही लिनक्समधली कमांडची साधनं. त्यातला एफडिस्क सगळं मेमरीत ठेवतो. एन दाबून नवा भाग करा, डी दाबून जुना उडवा, पी दाबून यादी बघा. डब्ल्यू दाबेपर्यंत डिस्कला धक्का लागत नाही. शंका आली तर क्यू दाबून बाहेर पडायचं. एसएसएचवरून (दुरून दुसऱ्या यंत्रावर कमांड चालवण्याची सोय) काम चालू असताना मधेच जोडणी तुटली तरी न लिहिलेलं सगळं विरून जातं, नुकसान शून्य. फोनवर सांगून कुणाकडून काम करून घ्यायचं असेल तर याच्यासारखा दुसरा नाही, कारण सगळा कारभार एकेका अक्षराचा. ‘एन दाब, एंटर, एंटर, आता अधिक ५० जी लिही’ हे भाचीला सांगता येतं, पार्टेडचं लांबलचक वाक्य स्पेलिंगसकट सांगताना घसा बसतो. सुरुवातीचा सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा) तो स्वतःच २०४८ सुचवतो, म्हणजे भाग १ एमआयबीच्या हद्दीवर नीट बसतो. तो बदलू नका.

पार्टेडचं उलट. एंटर मारला की झालं, ‘लिहू का’ वगैरे नाही. त्यामुळे तो वाईट ठरत नाही, पण हाताला सवय हवी. त्याची खरी ताकद भाग वाढवण्यात दिसते. व्हर्च्युअल सर्व्हरची डिस्क ४० वरून ८० जीबी केली, आता शेवटचा भाग ताणायचाय, तर ‘रिसाइझपार्ट’ एवढ्या एका कमांडने काम होतं. तेच एफडिस्कमध्ये जुन्या पद्धतीने करायचं तर भाग उडवून त्याच सुरुवातीच्या सेक्टरवर पुन्हा मोठा करावा लागतो. आणि तिथे नवा एफडिस्क विचारतो की आत जुन्या फाइल सिस्टिमची (भागात फाइली मांडण्याची पद्धत) खूण सापडली, ती काढू का? इथे उत्तर ‘नाही’. सवयीने ‘हो’ म्हणालात तर भाग मोठा होईल, पण माउंट होणार नाही, म्हणजे उघडून वापरता येणार नाही.

पार्टेडच्या दोन खोडी लक्षात असू द्या. एक म्हणजे तो एमबी आणि एमआयबी वेगळे मानतो: एमबी दहाच्या पटीतला, एमआयबी १०२४ च्या. एमबीत दिलेला आकडा तो थोडा इकडेतिकडे सरकवून घेतो, एमआयबीत दिलेला काटेकोर पाळतो, म्हणून एमआयबीच लिहा. दुसरी, ‘एमकेपार्ट’ या भाग करण्याच्या कमांडमध्ये ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम) लिहिलं तरी फाइल सिस्टिम तयार होत नाही, फक्त भागाचा प्रकार नोंदला जातो. फाइल सिस्टिम बनवणारं एमकेएफएस वेगळं चालवावंच लागतं.

जीडिस्क कधी? डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल आणि आतला डेटा न हलवता जीपीटी या नव्या पद्धतीवर न्यायची असेल तेव्हा. भागांची नोंद म्हणजे तक्ता, आणि तो ठेवण्याच्या या दोन पद्धती. एमबीआरमध्ये प्राथमिक भाग चारच, आणि ५१२ बाइटच्या सेक्टरवर २ टीआयबीच्या पलीकडची जागा दिसतच नाही. सीसीटीव्हीसाठी ४ टीबीची डिस्क घेतली आणि निम्मीच मिळाली, तर बहुधा हेच कारण. जीपीटीत साधारण १२८ भागांची सोय असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी राहते. त्या प्रतीसाठी शेवटचे ३३ सेक्टर मोकळे हवेत. जीडिस्कही एफडिस्कसारखाच डब्ल्यूपर्यंत थांबतो. मात्र ज्या डिस्कवरून यंत्र सुरू होतं ती बदलली तर बूटलोडर (यंत्र सुरू होताना सिस्टिम उठवणारा प्रोग्राम) पुन्हा बसवावा लागतो, हे सुरू करण्याआधीच ठरवून ठेवा. साधी नवी जीपीटी डिस्क विभागायची असेल तर जीडिस्क शोधत बसू नका, आजचा एफडिस्क तेही करतो.

डिस्कपार्ट विंडोजचा. याच्याशी मैत्री करा, पण जपून. ‘सिलेक्ट डिस्क’ म्हटल्यावर तो त्या डिस्कवर चिकटून बसतो आणि ‘क्लीन’ म्हटलं की काही न विचारता तक्ता पुसतो. दर वेळी ‘लिस्ट डिस्क’ करून तारांकन कुठल्या ओळीवर आहे ते बघायचं. तरीही लिनक्ससाठी सी ड्राइव्हमधून जागा काढायची असेल तर मी डिस्कपार्टचा ‘श्रिंक’च सांगेन, एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) कमी करण्याचं काम विंडोजच्याच हाताने झालेलं बरं. आधी विंडोजचा फास्ट स्टार्टअप बंद करा. हवी तेवढी जागा सुटत नसेल तर मधे न हलणारी फाइल अडून बसलेली असते.

आता लाईटचं. तक्ता लिहायला क्षणही लागत नाही, त्यामुळे एफडिस्क की पार्टेड याने तिथे फारसा फरक पडत नाही. धोका असतो फाइल सिस्टिम कमी करताना, कारण तेव्हा डेटा उचलून आत सरकवला जातो आणि मोठ्या डिस्कवर ते बराच वेळ चालतं. हे काम इन्व्हर्टर किंवा चालत्या बॅटरीशिवाय करू नका, दुरून करत असाल तर टीमक्सच्या आत करा, म्हणजे जोडणी तुटली तरी काम चालू राहतं. कमी करताना आधी फाइल सिस्टिम, मग भाग; वाढवताना आधी भाग, मग फाइल सिस्टिम. ईएक्सटी४ कमी करण्याआधी अनमाउंट करून तपासावी लागते. एक्सएफएस ही फाइल सिस्टिम असेल तर जागा कमी करण्याचा विचारच सोडा, बॅकअप घेऊन नव्याने बसवा.

कुठलंही साधन निवडा, आधी लिनक्समधल्या एसएफडिस्कने तक्त्याचा ‘डंप’ काढून ठेवा. दहा-पंधरा ओळींचा मजकूर असतो, व्हॉट्सॲपवर पाठवता येतो, वेळ पडली तर वहीत उतरवताही येतो. तक्ता म्हणजे डिस्कचा सातबारा: नोंद खोडली म्हणून बागेतले माड कुणी तोडत नाही. चुकून भाग उडवला आणि वर काही लिहिलं नाही, तर हाच डंप परत भरून भाग जिवंत होतो. डंप नसेल तर हरवलेले भाग शोधणाऱ्या टेस्टडिस्कला कामाला लावावं लागतं.

थोडक्यात निवड हवी असेल तर: नवखा माणूस किंवा फोनवरचं काम, एफडिस्क. भाग ताणायचा किंवा स्क्रिप्टमधून करायचं, पार्टेड. एमबीआरचं जीपीटी, जीडिस्क. विंडोज त्यावरच ठेवायचा असेल तर त्याचाच एमबीआर२जीपीटी, जो विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून सोबत येतो आणि बूटची सोयही लावतो.

आणि लिनक्स डिस्कना देतो त्या एसडीए, एसडीबी या नावांवर विसंबू नका, पुढच्या वेळी सुरू करताना ती अदलाबदल होऊ शकतात. एलएसबीएलके या डिस्कची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये डिस्कचं मॉडेल आणि आकार बघा, पलीकडच्याला तो मोठ्याने वाचायला लावा. डब्ल्यू दाबल्यावर कर्नल (लिनक्सचा गाभा) अजून जुनाच तक्ता वापरतोय असा निरोप आला, तर नवा तक्ता वाचायला लावणारं पार्टप्रोब चालवा किंवा यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा. तोवर एमकेएफएसला हात लावू नका.