वसई किल्ल्याचा वॉक : नक्की करा, फक्त पाणी घरून न्या

गेल्या रविवारी वसई किल्ल्याचा वॉक केला, मी, माझी लेक आणि माझे बाबा असे तिघं. किल्लाबंदरच्याच दोन-तीन पोरांनी चालवलेला आहे हा, मोठी कंपनी वगैरे काही नाही, व्हॉट्सॲपवर नाव द्यायचं, माणशी पाचशे रुपये, जेवण हवं असेल तर अडीचशे वेगळे. सकाळी सातला सुरू होतो आणि साडेअकरा वाजतातच. मी दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका टूरवाल्याबरोबर हाच किल्ला बघितला होता, तेव्हा इथे अमक्या गाण्याचं शूटिंग झालं, इथे उभे राहून फोटो काढा, एवढंच ऐकून घरी आले होते. माझं माहेर वसईतलं, वाघोलीचं, लहानपणापासून हा किल्ला बघतेय, आणि तरी यावेळी परत येताना असं वाटलं की आपल्याला आपल्या गावाबद्दल काहीच माहीत नव्हतं. म्हणून इतकं सविस्तर लिहितेय.

आम्ही ठाण्याहून गाडी घेऊन भाईंदरला आलो आणि रो-रोने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, पलीकडे गेलो. ही फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली, रस्त्याने ३८ किलोमीटरच्या आसपास वळसा पडतो तो वाचतो, आणि मुख्य म्हणजे किल्ला पाण्यातून बघत बघत जवळ येतो. हे मुद्दाम सांगतेय, कारण वॉकची सुरुवातच बंदर दरवाज्यापाशी होते आणि गाईडने पहिलं वाक्य तेच टाकलं, की हा किल्ला समोरून नाही, समुद्रातून बघायचा, कारण ज्यांनी बांधला ते समुद्रातून आले होते.

गाईड साधारण तिशीचा असेल, ख्रिस्ती कोळी घरातला, वडील अजून बोटीवर जातात म्हणाला. बोलणं एकदम साधं, पाठ केलेलं भाषण अजिबात नाही. बंदराच्या कट्ट्यावर बसवून त्याने १५३४ ची गोष्ट सांगितली. गुजरातचा सुलतान बहादूरशहा, मागे हुमायून लागलेला, त्याला पोर्तुगीजांची मदत पाहिजे होती, म्हणून डिसेंबरमध्ये वसईसमोर उभ्या असलेल्या पोर्तुगीज जहाजावर तह झाला आणि वसई, तिच्याखालचा मुलूख, त्यातच मुंबईची बेटं, सगळं पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हाला देऊन टाकलं. तीन वर्षांत, १५३७ ला, दीवच्या समुद्रात पोर्तुगीजांच्याच हातून बहादूरशहा मेला. मग गाईडने समोरच्या पाण्याकडे बोट दाखवून विचारलं, त्या जहाजावर इथला कोण होता सांगा. कोणीच काही बोललं नाही. माझे बाबा हळूच म्हणाले, "कोणी नसणार."

पुढे चार तास हाच धागा गाईडने सोडला नाही आणि मला त्याचं हेच सगळ्यात जास्त आवडलं. साडेचारशे-पाचशे वर्षांचा इतिहास सांगायचा तर सनावळ्यांचा ढीग होतो, पण हा प्रत्येक ठिकाणी एकच बघायला लावतो, की कागद कुठे लिहिला आणि राहणारी माणसं कुठे होती. १६६१ ला पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांचं लग्न ठरलं त्यात मुंबई आंदण दिली. गोव्याच्या व्हाइसरॉयलासुद्धा ते पटलं नव्हतं, ताबा द्यायला १६६५ उजाडलं, आणि १६६८ ला राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. हे सगळं शाळेत शिकलेलो असतो आपण, पण वसईच्या धक्क्यावर बसून ऐकताना वेगळंच वाटतं, कारण तोपर्यंत मोठं शहर वसई होतं, पोर्तुगीजांच्या उत्तरेकडच्या प्रांताची राजधानी, आणि मुंबई तिच्या हाताखालची. इथला दगड जहाजांनी गोव्याला जायचा, जुन्या गोव्याच्या बॉम जीझस चर्चचा दर्शनी भाग वसईच्या काळ्या दगडाचा आहे. आम्ही तिथे दोनदा जाऊन आलोय, एकदाही हे कुणी सांगितलं नव्हतं.

सेंट जोसेफचा मनोरा, फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीतल्या थडग्यांच्या कोरीव शिळा, बालेकिल्ला, हे सगळं व्यवस्थित दाखवतात, त्यावर फार लिहीत नाही, स्वतः जाऊन बघा. मुलं सोबत असतील तर मधे एक खेळ घेतात, मराठीतले पोर्तुगीज शब्द ओळखायचे. पाव आणि बटाटा सगळ्यांनी सांगितले, पण चावी, पगार, परात, घमेलं, इस्त्री, तुरुंग, नाताळ, हापूस हे ऐकून लेक चाटच पडली, परत येताना गाडीत पण तेच चाललं होतं तिचं.

आता १७३९. इथे मला जरा भीती होती, कारण हा भाग बरेच जण नुसत्या घोषणा देऊन संपवतात. चिमाजी अप्पांचा वेढा, सेबॅस्टियन बुरुजाखाली लावलेले सुरुंग, मे महिन्यात किल्ला पडला आणि पोर्तुगीजांना मानाने निघून जाऊ दिलं, हे त्याने मनापासून सांगितलं, ऐकताना अंगावर काटा आला खरंच. इथून नेलेली चर्चची घंटा आजही नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, तिच्यावर १७२१ हे साल आहे, तेही सांगितलं. पण त्याने दहा मिनिटं दिली गंगाजी नाईक अंजूरकरांना. भिवंडीजवळच्या अंजूरचा हा माणूस, आपले भाऊ आणि मालाडचे अंताजी रघुनाथ यांच्यासारखी माणसं जोडत पेशव्यांकडे खेटे घालत होता, की आमची देवळं पाडली, जमिनी गेल्या, तुम्ही या. म्हणजे ही मोहीम नुसती पुण्याहून निघाली नाही, ती इथल्या लोकांनी मागून घेतली. चिमाजी अप्पांचा पुतळा किल्ल्याजवळ आहे आणि असायलाच हवा, पण गंगाजी नाईकांचं नाव आमच्या चौदा जणांपैकी फक्त बाबांनी ऐकलं होतं, याचं मला फार वाईट वाटलं.

एक प्रसंग सांगायलाच हवा. ग्रुपमधल्या एका काकांनी गाईडला विचारलं, मग तुम्ही लोक पोर्तुगीज का? मला इतकं अवघडल्यासारखं झालं. तो शांतपणे म्हणाला, "नाही हो काका, आमच्या घरात पोर्तुगीज भाषेचा एक शब्द कुणाला येत नाही, आजी कोळी बोलीतच बोलायची, आणि आम्ही त्यांच्या आधीपासून इथे मासे मारतोय." मग त्याने समजावलं की १७३९ नंतर पोर्तुगीज गेले पण इथले ख्रिस्ती इथेच राहिले कारण जायचं कुठे, घर हेच होतं. सामवेदी (ज्यांना कुपारी म्हणतात), कोळी, वाडवळ, प्रत्येकाची बोली वेगळी, आणि ईस्ट इंडियन हे नाव तर १८८७ ला, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी घेतलं, का तर गोव्याहून नोकरीला आलेल्या ख्रिश्चनांपेक्षा आपण वेगळे हे इंग्रजांना कळावं. म्हणजे स्वतःचं नावसुद्धा सरकार दरबारी कोण विचारतं ते बघून ठेवावं लागलं. काका नंतर त्याच्याशी बराच वेळ बोलत होते, ते बघून बरं वाटलं.

शेवटच्या टप्प्यात १८०२. यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हरवल्यावर दुसरा बाजीराव पळून इथे वसईला आला, आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह केला, कंपनीचं सैन्य पुण्यात ठेवायचं आणि त्याच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा. ज्या किल्ल्यासाठी एवढी माणसं मेली त्याच गावात ६३ वर्षांनी हे झालं. बाबा इथे थोडा वेळ बाजूला जाऊन बसले.

आणि मग त्यांनी आजचं विचारलं. आमचं गाव त्या २९ गावांमधलं. २००९ ला वसई-विरार महापालिका झाली, गावं आत घेतली, लोक रस्त्यावर उतरले, २०११ ला सरकारने २९ गावं वगळायचं ठरवलं आणि मग ते प्रकरण हायकोर्टात वर्षानुवर्षं अडकलं. बाबा त्या मोर्चांना गेलेत, त्याआधी हरित वसईच्या आंदोलनात फादर दिब्रिटोंबरोबरही चाललेत. दुसऱ्या कुठल्या गाईडने विषय टाळला असता, हा खाली बसला आणि दोन्ही बाजू सांगितल्या, नळाचं पाणी आणि रस्ते मागणारेही गावात आहेत, आणि ग्रामसभा गेली तर वाडी-बावखलांचा (बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं तळं) निर्णय कोण घेणार असं विचारणारेही आहेत. डहाणूकडून आलेल्या एका ताईंनी वाढवण बंदराचा विषय काढला. तोही आपल्याच पालघर जिल्ह्यात, ७६,२२० कोटींचा प्रकल्प, किनाऱ्याजवळ २० मीटर खोली मिळते म्हणून तीच जागा, १९९८ ला डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने नाही म्हटलं होतं, २०२३ ला परवानगी मिळाली आणि ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन झालं. ताई म्हणाल्या, "एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द, हे आमची पोरं झोपेत पण म्हणतात."

मला स्वतःला असं वाटतं की आजची आणि पोर्तुगीजांची तुलना सरळ करू नये, आज मत आहे, कोर्ट आहे, जनसुनावणी आहे, रोजगाराची गरजही खरी आहे. पण डोल (मासे धरायचं जाळं) लावणाऱ्या माणसाचा समुद्र कोणत्या खोलीपर्यंत त्याचा, हे ठरवताना तो टेबलावर बसलेला असला पाहिजे, यावर मी ठाम आहे, आणि त्या किल्ल्यात चार तास फिरल्यावर अजून ठाम झाले.

जेवण पाचूबंदरला एका घरी. फुगे (तळलेले गोल पाव), बोंबील, इंदियाल (मांसाचा मसालेदार रस्सा), बॉटल मसाल्यातली भाजी, शेवटी सुकेळी (वाळवलेली केळी). बाबांसाठी माशाशिवाय काही वेगळं करायला मावशींनी न सांगता घेतलं. अडीचशेत हे कुठेच मिळणार नाही.

आता तक्रारी. माईक नाही, त्यामुळे मागचे दोन-तीन जण अर्धं ऐकतात, आणि किल्ल्यात प्री-वेडिंग शूटवाल्यांचे स्पीकर चालू असतात तेव्हा तर काहीच ऐकू येत नाही. पाणी विकत मिळेल असं मेसेजमध्ये लिहिलं होतं, सकाळी सातला एकही टपरी उघडी नव्हती. बायकांसाठी वाटेत स्वच्छतागृहाची सोय नाही, हे बुकिंगलाच सांगायला हवं, माझ्यासारखीला चालून जातं पण वयस्कर बायकांना नाही. नकाशाची झेरॉक्स देतात ती इतकी फिकट की बुरुजांची नावं वाचता येत नाहीत. गुडघ्याचा त्रास असेल तर मनोऱ्याचा जिना चढू नका, बाबा खालीच थांबले. मे महिन्यात आणि पावसात जाऊ नका, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट.

पाचपैकी साडेचार. अर्धा पाण्याचा आणि माईकचा कापला, ते पोरांना तोंडावर सांगून आले, त्यांनी लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात अर्नाळ्याचा वॉक काढणार आहेत, बाबांनी तिथल्या तिथे तिघांची नावं देऊन टाकली.