एटीपी-सीटीपी कोर्स: वर्गात पेंग, सिममध्ये घाम

अमेरिकेतल्या रिजनल एअरलाइनची (छोट्या मार्गांवर उडणाऱ्या कंपनीची) पायलट म्हणून ऑफर मिळाली की पहिला मुक्काम हाच: एटीपी, म्हणजे एअरलाइन पायलटच्या लायसन्सआधीचा सक्तीचा कोर्स. निदान ३० तास वर्ग आणि १० तास सिम्युलेटर (सिम). ऑगस्ट २०१४ पासून हा कोर्स केल्याशिवाय एटीपीच्या लेखी परीक्षेला बसता येत नाही. माझी फी कंपनीने भरली, तरीही तक्रार करायचा हक्क मी राखून ठेवतोय. सेंटरचं नाव मात्र सांगणार नाही.

वर्ग कंटाळवाणा. हवामान, नियम, क्रू रिसोर्स मॅनेजमेंट (कॉकपिटमधला आपसातला समन्वय), सगळं स्लाइडवरून वाचून दाखवलं. एकच तास जागा ठेवणारा होता. एका निवृत्त कॅप्टनने जास्त उंचीवरच्या उड्डाणाचं गणित पिनॅकल एअरलाइन्सच्या फ्लाइट ३७०१ च्या अपघातावरून समजावलं. ऑक्टोबर २००४, प्रवासी नसलेलं सीआरजे-२०० हे छोटं जेट, ४१,००० फुटांपर्यंत हौसेने चढवलेलं. तिथे वेग घसरला, विमान स्टॉल झालं (पंखांची उचल तुटली), दोन्ही इंजिनं बंद पडली आणि दोन्ही पायलट गेले. फळ्यावर वेगाचे आकडे मांडल्यावर तिथे हाताशी किती कमी वाव उरतो ते दिसलं.

सिम मात्र वसूल. १० पैकी ६ तास पूर्ण हलणाऱ्या सिममध्ये, आमचं सीआरजेचंच होतं. इन्स्ट्रक्टर ऑटोपायलटवर उंची धरून ठेवतो, थ्रस्ट (इंजिनाचा जोर) कमी करतो आणि मुद्दाम गप्पा मारत बसतो. वेग गळत जातो, नाक हळूहळू वर येतं. मग स्टॉल जवळ आल्याचा इशारा देणारा स्टिक शेकर योक (पायलटच्या हातातलं नियंत्रण) थडथडवतो, ऑटोपायलट सुटतो आणि विमान एकदम तुमच्या हातात. पार्टनरने योक मागे ओढला. इन्स्ट्रक्टर ओरडला नाही, फक्त म्हणाला, "आधी नाक खाली. उंचीचं नंतर बघू."

१२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ कोसळलेल्या कोल्गन एअरच्या फ्लाइट ३४०७ च्या कॅप्टनने हेच केलं होतं. शेकर वाजल्यावर योक मागे ओढला, पुशरने (स्टॉल टाळायला योक आपोआप पुढे ढकलणाऱ्या यंत्रणेने) नाक खाली ढकललं तरी ओढतच राहिला. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक जण गेला. त्यानंतर एअरलाइनच्या पायलटसाठी १,५०० तास उड्डाणाच्या अनुभवाची अट आली. गंमत अशी, की त्या कॅप्टनकडे ३,३७९ तास होते आणि फर्स्ट ऑफिसरकडे २,२४४. मी माझे तास सेसना १७२ या छोट्या ट्रेनिंग विमानात विद्यार्थ्यांना शिकवून भरले. त्यातून क्रॉसविंडचा (आडव्या वाऱ्याचा) सराव आणि संयम मिळाला, हे नाकारत नाही. पण सेसनाला ना शेकर ना पुशर. शिवाय पूर्वी चेकराइडला (उड्डाणाच्या परीक्षेला) स्टॉलमधून सावरताना उंची किती कमी गमावली यावर भर असायचा, म्हणजे चुकीच्या सवयीलाच शाबासकी! आता आधी पंखाचा समोरच्या हवेशी होणारा कोन कमी करा, हे शिकवतात. १,५०० च्या आकड्यावर वाद घालणाऱ्यांनी या सिममध्ये एकदा बसावं.

खरी खोट अशी, की स्टॉलचा सराव एक-दोनदा करून पुढच्या धड्याकडे पळतात. आम्ही मागून आणखी एकदा करून घेतला; तुम्हीही मागा, बहुतेक इन्स्ट्रक्टर नाही म्हणत नाहीत. पुढे कंपनीचं ट्रेनिंग, चेक एअरमनबरोबरची (कंपनीच्या तपासनीस पायलटबरोबरची) उड्डाणं आणि १२० दिवसांत १०० तास उड्डाण पूर्ण करणं आहेच, पण तिथे प्रवासी मागे बसलेले असतात.

वर्गाला पाचपैकी दोन, सिमला पाच. आणि वेळ निवडता आली तर सिमचा रात्री दोनचा स्लॉट घेऊ नका.