ड्रायव्हरची सीडी ज्वारीत टांगली: विना-ड्रायव्हर छपाईचे चौदा महिने

२०२४च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा दुकानासमोर सकाळी सातलाच बायांची रांग लागायची. नेमका त्याच आठवड्यात जुना कॉम्प्युटर बसला. पोराचा लॅपटॉप आणून टेबलावर ठेवला, प्रिंटरची वायर खुपसली, आणि लॅपटॉप म्हणाला ड्रायव्हर पाहिजे, म्हणजे त्या प्रिंटरशी बोलायचं सॉफ्टवेअर. सीडी होती, जपून ठेवलेली. पण लॅपटॉपला सीडी घालायला खाचच नाही. डाउनलोड करायला घेतलं तर तीनशे एमबीच्या आसपासची फाइल, आणि पावसात टॉवरचं एक कांडं दिसतंय तर दिसतंय. संध्याकाळी फाइल उतरली, ती निघाली ३२ बिटची, या लॅपटॉपला न चालणारी. दोन दिवस बाया शेजारच्या गावी गेल्या, आणि मी पेन घेऊन फॉर्म भरून देत बसलो.

दुकान माझं यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या पट्ट्यातल्या एका गावात, बसस्टँडच्या समोर. झेरॉक्स, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, पोलीस भरतीचे फॉर्म, पासपोर्ट फोटो. त्या जुलैनंतर ठरवलं, की पुढचा प्रिंटर असा घ्यायचा ज्याला ड्रायव्हर लागणारच नाही. दिवाळीनंतर नागपूरला सीताबर्डीवर जाऊन दोन घेतले: एक काळ्या-पांढऱ्या छपाईचा नेटवर्क लेझर आणि एक रंगीत इंक टँक. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, कारण मला सांगायचं ते कंपनीबद्दल नाहीच, पद्धतीबद्दल आहे.

पहिला दिवस खरोखर थक्क करणारा होता. लेझरला राउटरची वायर लावली, लॅपटॉपवर सेटिंग्जमध्ये प्रिंटर जोडा म्हटलं, नाव दिसलं, क्लिक केलं, सातबारा बाहेर. सीडी नाही, सेटअप नाही, "नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश" नाही. प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हरच्या जागी पाहिलं तर "मायक्रोसॉफ्ट आयपीपी क्लास ड्रायव्हर" असं लिहिलेलं. म्हणजे ड्रायव्हर आहे, पण तो विंडोजचाच, सगळ्या प्रिंटरना मिळून एक.

हे चालतं कसं, ते मला आमच्या बाजारावरून कळलं. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी कोलामी बोलणारा असतो, गोंडी बोलणारा असतो, तेलंगणातून आलेला तेलुगू बोलणारा असतो. पूर्वी प्रत्येकाशी सौदा करायचा तर त्याची भाषा येणारा माणूस मधे लागायचा. ड्रायव्हर म्हणजे तो मधला माणूस, प्रत्येक मॉडेलला वेगळा, आणि तो मेला की सौदा बंद. आता सगळे तोडक्यामोडक्या हिंदीत भाव करतात. इथं ती हिंदी म्हणजे आयपीपी, इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल. कॉम्प्युटर आधी प्रिंटरलाच विचारतो: तुझ्याकडे कागद कोणता, रंग आहे का, दोन्ही बाजूंनी छापतोस का, कोणत्या प्रकारची फाइल तुला कळते? प्रिंटर उत्तर देतो, आणि मग पीडीएफ किंवा पानाचं तयार चित्र त्याच्याकडे जातं. आयफोनवाल्यांचं एअरप्रिंट २०१०पासून याच पायावर उभं आहे. अँड्रॉइडसाठी कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी मिळून २०१३मध्ये मोप्रिया काढलं. म्हणजे गोष्ट नवी नाही. आमच्यापर्यंत यायला वेळ लागला, एवढंच.

प्रिंटर आपोआप सापडतो त्याचं कारण वेगळं. तो नेटवर्कवर सतत हाळी देत असतो: मी इथं आहे, माझं नाव अमुक. त्याला एमडीएनएस म्हणतात. पूर्वी मी प्रिंटर आयपी नंबरानं जोडायचो. लाइट जाऊन आली की राउटर त्याला नवा नंबर द्यायचा आणि प्रिंटर "ऑफलाइन". आता कॉम्प्युटर नावानं हाक मारतो, नंबर बदलला तरी बिघडत नाही. आमच्यासारख्या दिवसातून चारदा लाइट जाणाऱ्या गावात या एका गोष्टीसाठीच मी पैसे वसूल झाले म्हणेन.

पण आता खरं सांगतो. दुखणं गेलं नाही, त्यानं जागा बदलली. पूर्वी ते ड्रायव्हरमध्ये होतं, आता राउटरमध्ये आहे.

तिसऱ्या आठवड्यात मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला प्रिंटर दिसेनासा झाला. दोन दिवस डोकं खाजवलं. तालुक्यातला ओळखीचा मेकॅनिक फोनवर म्हणाला, प्रिंटर फॉर्मॅट मार. मी म्हटलं, बाप्पा, प्रिंटर आहे, पेनड्राइव्ह नाही. शेवटी लक्षात आलं, मागच्या खोलीत वायफाय पोचावं म्हणून मी जुना राउटर लावला होता आणि तो स्वतःचं वेगळं नेटवर्क चालवत होता. प्रिंटरची हाळी एका नेटवर्कातून दुसऱ्यात जातच नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये त्याला ॲक्सेस पॉइंट केलं, म्हणजे स्वतःचं नेटवर्क सोडून मुख्य राउटरचंच नेटवर्क पुढे नेणारा, आणि पाच मिनिटांत सगळं सुरळीत. तुमच्याकडे प्रिंटर "कधी दिसतो, कधी नाही" असं होत असेल तर प्रिंटरला हात लावायच्या आधी राउटर किती आहेत ते मोजा. आणि गेस्ट वायफायवर असाल तर शोधूच नका. तिथं जोडलेली यंत्रं एकमेकांना दिसू नयेत अशीच त्याची रचना असते.

दुसरं म्हणजे, शक्य असेल तर प्रिंटर वायरनंच जोडा. बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतात, आणि लाइट आल्यावर प्रिंटर आधी जागा होतो, राउटर नंतर, मग प्रिंटर रुसून बसतो. वायर लावलेल्या लेझरनं असा रुसवा कधी धरला नाही. राउटर आणि कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर ठेवलेत, लेझर मात्र सरळ लाइनवर. लेझरचा रोलर तापताना एकदम इतका करंट ओढतो की छोटा यूपीएस किंचाळून बंद पडतो. मी एक यूपीएस असाच घालवला.

आता मोबाइलचं. यासाठीच मी हा खटाटोप केला होता.

आधी काय व्हायचं? गिऱ्हाईक माझ्या व्हॉट्सॲपवर आधार, बँक पासबुक, जातीचा दाखला टाकायचं आणि मी प्रिंट काढायचो. माझ्या फोनमध्ये अख्ख्या पंचक्रोशीची आधार कार्डं. मी डिलीट करायचो, पण रोज कुठं लक्षात राहतं? एक दिवस पोरीनं गॅलरी उघडून विचारलं, बाबा हे कोण आहेत सगळे? ते मनाला लागलं. म्हणून गिऱ्हाइकानं स्वतःच्या फोनमधूनच प्रिंट द्यावी असं केलं. इंक टँकला एक वेगळा जुना राउटर दिला, ज्याला इंटरनेटच नाही. त्यावर फक्त तो प्रिंटर आणि गिऱ्हाइकांचे फोन. पासवर्ड भिंतीवर मोठ्या अक्षरात. अँड्रॉइड ८पासून पुढच्या बहुतेक फोनमध्ये प्रिंटची सोय आधीच असते, ॲप टाकावं लागत नाही.

कागदावर हे छान. दुकानात पहिल्याच दिवशी: "भाऊ, नेट नाई म्हंते हे." फोन विचारतो, या वायफायला इंटरनेट नाही, तरी जोडून राहायचं का? लोक नाही दाबतात आणि फोन मोबाइल डेटावर परत जातो. मग पुढचा माणूस: "भाऊ, मायी पिरंट काहून नाई निंगून रायली?" पाहिलं तर लाल दिवा लुकलुकतोय. फोननं कागदाचा आकार लेटर धरला होता, जो अमेरिकेत चालतो. प्रिंटरमध्ये ए-फोर, आणि प्रिंटर बिचारा लेटर कागदाची वाट पाहत उभा. हे महिनाभर चाललं. मग प्रिंटरच्या स्वतःच्या वेबपेजवर, म्हणजे ब्राउझरमध्ये त्याचा आयपी टाकून उघडतं ते, एक सेटिंग सापडलं: लेटर मागितला तरी ए-फोरवरच छाप. तेवढ्यानं निम्मी कटकट गेली. हे पान ड्रायव्हर असताना मी कधी उघडलंच नव्हतं, आता आठवड्यातून एकदा उघडतो.

आणि तो पोट्टा. भरतीच्या तयारीला लागलेला, नोट्सच्या पीडीएफमधलं एक पान हवं होतं. फोनवर "सर्व पाने" तसंच ठेवून प्रिंट दाबलं. साठ पानं रंगीत. मी पैसे मागितले तर म्हणतो, "म्या तं एकच म्हंटलं होतं, मंग मी कायले देऊ?" अर्धे त्याचे, अर्धे माझे, असं मिटवलं. त्या दिवसापासून प्रिंट दाबण्याआधी फोन मला दाखवायचा, असा नियम आहे. म्हणजे गिऱ्हाईक स्वतः प्रिंट काढतं, पण मला उठावं लागतंच. ई-आधारची पासवर्ड लावलेली पीडीएफ बऱ्याच फोनमधून छापली जात नाही. ती आजही लॅपटॉपवर, मालकाच्या समोर उघडतो आणि समोरच डिलीट करतो.

तरीही, व्हॉट्सॲपवर येणारी कागदपत्रं निम्म्याहून कमी झाली. शिकलेल्या पोरी तर आता दारातूनच प्रिंट सोडतात आणि आत येऊन कागद उचलतात.

छपाईच्या दर्जाबद्दल तक्रार नाही. मराठी अक्षरं तर आधीपेक्षा बरी येतात. जुन्या ड्रायव्हरला कधी कधी जोडाक्षरांच्या जागी चौकोन छापायची खोड होती. आता पान कॉम्प्युटरवरच चित्रासारखं तयार होऊन जातं, त्यामुळे दिसतं तसं छापतं. मात्र कोणी कृतिदेवमध्ये टाइप केलेली वर्डची फाइल आणली आणि आपल्याकडे तो फॉन्ट नसला तर त्याला कुठलीच छपाई पद्धत वाचवू शकत नाही. पीडीएफ करून आण, एवढंच सांगतो. फोटोचं मोठं पान वायफायवरून जायला वेळ घेतं, कारण पानाचं चित्र जड असतं.

काय कमी आहे? कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये टोनर वाचवायचं बटण, वॉटरमार्क, पुस्तिका छपाई असं बरंच काही असायचं. इथं मोजकंच मिळतं: प्रती, पानं, दोन्ही बाजू, रंग, दर्जा. टोनर वाचवायचं मी प्रिंटरच्याच वेबपेजवर कायमचं चालू करून ठेवलंय. ओळखपत्र दोन्ही बाजूंनी एका पानावर घ्यायचं काम पॅनलवरूनच होतं, त्याला कॉम्प्युटर लागतच नाही. एकदा विंडोजनं प्रिंटर भलत्याच पद्धतीनं जोडला आणि प्रिंट अडकू लागली. तेव्हा तो काढून टाकला आणि पुन्हा जोडताना डिव्हाइसचा प्रकार आयपीपी असा हातानं निवडला. तेव्हापासून बरा आहे.

जुन्या यूएसबी लेझरचं काय केलं? फेकला नाही. विंडोज ७चा जुना डबा होता. विंडोज ७ला ही विना-ड्रायव्हर पद्धत येतच नाही, म्हणून त्यावर लिनक्स मिंट टाकलं. तिथं कप्स नावाची छपाईची व्यवस्था आधीच असते. मायकल स्वीट यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लिहिलेली, मॅकमध्येही तीच आहे. त्या डब्यावर जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर एकदाच बसवला, शेअर करायच्या चौकटीत टिक केली, आणि माझ्या फोनमध्ये तो जुना प्रिंटर नव्यासारखा दिसू लागला. सगळ्या यंत्रांवर ड्रायव्हर टाकण्यापेक्षा एका जागी टाकून बाकीच्यांना मोकळं सोडायचं. फक्त तो डबा चालू असायला हवा. लिनक्सवर असं करणार असाल तर अपडेट चुकवू नका. सप्टेंबर २०२४मध्ये कप्सच्या एका भागात बाहेरून घुसता येईल असं भोक सापडलं होतं, आणि प्रिंटरचं ६३१ नंबरचं पोर्ट इंटरनेटकडे उघडं ठेवणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

ड्रायव्हरही काही साधे नव्हते म्हणा. २०२१मध्ये विंडोजच्या छपाई व्यवस्थेत सापडलेल्या प्रिंटनाइटमेअर नावाच्या भोकानंतर अशा भोकांची चर्चा जगभर झाली. सप्टेंबर २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टनं बाहेरच्या कंपन्यांच्या ड्रायव्हरची साथ टप्प्याटप्प्यानं कमी करायचा बेत जाहीर केला, आणि विंडोज ११च्या २०२४च्या आवृत्तीत फक्त विना-ड्रायव्हर छपाई चालू ठेवायचा पर्यायही आला. तो पर्याय लावायच्या आधी तुमचा प्रिंटर त्यात बसतो का ते पाहा, नाहीतर जुना प्रिंटर एका क्लिकमध्ये बंद पडेल.

घ्यायला जाल तर खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया लिहिलंय का ते वाचा. नुसतं "वायफाय" लिहिलेलं पुरत नाही. दुकानदार "हाव, सगळ्यात चालते" म्हणतो. त्याला म्हणा, तुझ्याच फोनवरून माझ्यासमोर एक पान काढून दाखव, ॲप न टाकता. आणि लेझर घेत असाल तर मागे राउटरच्या वायरची खाच असलेलाच घ्या, हजारभर जास्त गेले तरी.

जुन्या सीड्या धाकट्या भावानं शेतात नेल्या. ज्वारीत काठ्यांना बांधल्यात, उन्हात चमकतात, पाखरं फिरकत नाहीत म्हणतो. माझ्याकडे आता एकच गाऱ्हाणं उरलंय, लीगल कागदाचं. करारनामे, प्रतिज्ञापत्रं लीगलवर लागतात. ट्रेमध्ये लीगल घातला की लेझरच्या पॅनलवर जाऊन तसं सांगावं लागतं, आणि काम झालं की परत ए-फोर. विसरलो की पुढचा सातबारा अडकतो, आणि मी बहुतेक वेळा विसरतोच.